आजारपणात गोष्ट सांगायची कशी, सिनेमा बघायचा कसा: गोव्यातल्या घरांसाठी सुरुवातीचा मार्ग

आजारी माणसाला भेटायला आलेले लोक हमखास एक गोष्ट सांगतात. "आमच्या वाड्यावरच्या अमक्यालाही हेच झालं होतं." ही गोष्ट कुठे चालली आहे हे सांगणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतं, तोवर त्यातला अमका गेलेला असतो. मग चहा येतो. थोडक्यात, आजारपणात गोष्टींचा तुटवडा नसतो. आजारी माणसाची स्वतःची गोष्ट तेवढी कोणी विचारत नाही. फायलीत रिपोर्ट असतात, घरच्यांना तारखा पाठ असतात, आणि ज्याच्या अंगावर हे सगळं चाललंय तो "बरं आहे" एवढंच बोलून मोकळा होतो.

हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्याजवळ बसणाऱ्यासाठी आहे. आजार नसेल पण आयुष्याने कूस बदलली असेल, तरीही यातलं बरंच उपयोगी पडेल. जहाजावरची नोकरी संपवून कायमचे घरी आलेले, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रककडे बघत बसलेले, नवरा गेल्यावर घराचे व्यवहार प्रथमच हातात घेतलेल्या बायका, या सगळ्यांकडे सांगण्यासारखं असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गोष्ट सांगून किंवा सिनेमा बघून आजार बरा होत नाही. गोळी चुकवून कॅमेरा लावू नका.

आधी ऐकणारा ठरवा

कॅमेरा, ॲप, माईक हे सगळं नंतर. पहिला प्रश्न: ही गोष्ट कोणाला सांगायची आहे? "सगळ्यांना" हे उत्तर चालणार नाही. एक माणूस निवडा, नावानिशी. नात, जुना मित्र, न बोलणारा भाऊ, किंवा दहा वर्षांनंतरचे तुम्ही स्वतः.

हा निर्णय झाला की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. डायलिसिसवर असलेल्या एका आजींचं उदाहरण घेऊ. त्यांनी ऐकणारी म्हणून पुण्यात शिकणारी नात निवडली. त्याआधी त्या क्रिएटिनिन किती, फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात करतात ती रक्तवाहिन्यांची जोडणी) कधी केला, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे क्रमवार सांगत होत्या. नातीला सांगायचं म्हटल्यावर पहिलं वाक्य आलं: "दारात पाच माड आहेत गो, आणि मला शहाळं बंद." मूत्रपिंड काम करत नसलं की शरीरातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, म्हणून बंदी. नातीला हे समजावताना आजार आपसूक सांगून झाला, आणि आजी मात्र आजीच राहिल्या, पेशंट झाल्या नाहीत.

भाषेचा प्रश्नही इथेच मिटतो. आपल्याकडे अनेक घरांत बोलणं कोकणीत आणि पत्र, पोथी, वर्तमानपत्र मराठीत. ऐकणाऱ्याशी रोज ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोला. लिहिताना हात मराठीकडे वळला तर वळू द्या. दोन्हींची सरमिसळ झाली तर व्याकरण तपासायला कोणी येणार नाही.

मग पंधरा मिनिटं, कोणालाही न दाखवण्यासाठी

ऐकणारा ठरला तरी पहिला मजकूर त्याच्यासाठी नाही. तो कच्चा आणि खासगी असतो. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जड अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. सरासरी काढली तर फायदा दिसतो, पण लहान. शिवाय लिहून उठल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट थोडा वेळ मन जड होतं. हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

करायचं एवढंच: वही घ्या, मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा, हात थांबवू नका, शुद्धलेखन बघू नका. चार दिवसांनी थांबा. वही फाडून टाकलीत तरी चालेल. लिहिणं जमत नसेल, म्हणजे सलाईन लागलंय, हात थरथरतोय, चष्मा घरी राहिलाय, तर मोबाईलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर बोला. हिमोडायलिसिस साधारण चार तास चालतो आणि फिस्टुलाचा हात हलवता येत नाही. इस्पितळातल्या ओपीडीत बसण्यात सकाळ जाते. हा वेळ हेडफोन लावून हळू आवाजात बोलायला बरा. शेजारच्याला वाटतं तुम्ही फोनवर आहात.

पेनबेकरचाच एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: एखादा विषय लिहिताना तोल जाईल असं वाटलं तर तो लिहू नका, दुसरा घ्या. निदान कालच कळलंय, अपघात परवाच झालाय, तर महिनाभर थांबलेलं बरं. आणि लिहायला लागल्यापासून झोप उडाली, तेच ते दृश्य दिवसरात्र डोळ्यांपुढे यायला लागलं, जगणं नको असं मनात यायला लागलं, तर वही मिटायची आणि माणसाशी बोलायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. बांबोळीला आयपीएचबी हे मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, तिथली पायरी चढण्यात काही कमीपणा नाही. "लोक काय म्हणतील" हे वाक्य गोव्यात फार ऐकू येतं, आणि ते म्हणणारे लोक रात्री दोन वाजता आपल्या उशाशी नसतात.

सिनेमा बघताना

आजारपणात सिनेमा बघा असं सगळेच सांगतात, कसा बघावा ते कोणी सांगत नाही. माझा पहिला सल्ला: तुमच्याच आजारावरचा सिनेमा पहिल्या काही महिन्यांत बघू नका. त्यातला रुग्ण शेवटच्या रिळापर्यंत घरातल्या सगळ्यांना जगायला शिकवतो आणि मग पांढऱ्याशुभ्र चादरीवर शांतपणे जातो. त्याला बद्धकोष्ठ होत नाही, बिलाची चिंता नसते, बायकोवर तो उगाच खेकसत नाही. तो बघून घरी बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला तर नीट आजारीसुद्धा पडता येत नाही. शिवाय पडद्यावरचे उपचार अनेकदा जुने किंवा चक्क चुकीचे असतात.

त्याऐवजी परिस्थिती जुळेल असा निवडा, आजार नव्हे. ज्याचं गाव सुटलंय, ज्याच्या हातातलं काम गेलंय, जो परत आलाय आणि घर ओळखीचं राहिलेलं नाही. पाय गमावलेल्या माणसाला बंद पडलेल्या गिरणीचा सिनेमा जास्त जवळचा वाटू शकतो. मध्ये अंतर असलं की माणूस मोकळेपणाने बोलतो, कारण तो पात्राबद्दल बोलत असतो.

रिमोट आजारी माणसाच्या हातात द्या. हे क्षुल्लक वाटेल, पण दिवसभर सुई कधी, जेवण कधी, आंघोळ कधी हे दुसरेच ठरवत असतात. इथे निदान थांबवायचं कधी ते त्याने ठरवावं. केमो चालू असताना दोन तासांचा सिनेमा एका बैठकीत झेपत नाही, लक्ष तुटतं, आधीचं आठवत नाही. दहा-वीस मिनिटांचे लघुपट त्यासाठी उत्तम. मोठा सिनेमा असेल तर दोन-तीन संध्याकाळी तुकडे करून बघा.

संपल्यावर "आवडला का?" असं विचारलं तर "हो" येतं आणि विषय संपतो. "यातलं कोण खोटं बोलत होतं?" असं विचारून बघा. किंवा, "तू असतीस तर कुठल्या क्षणी उठून गेली असतीस?" मग जे उत्तर येतं ते सिनेमाबद्दल असतंच असं नाही. त्यावर लगेच उपदेश करू नका, ऐका.

दर नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, २००४ पासून. देशोदेशीचे सिनेमे घराजवळ बघायची ही संधी आपल्याला मिळते तशी फार थोड्यांना मिळते. आणि ज्या आवारात त्याची मुख्य धामधूम असते ती जुन्या जीएमसीची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची जागा, बांबोळीला जाण्याआधीचं इस्पितळ. आजच्या कित्येक आज्यांची बाळंतपणं तिथली. आजारी माणसाला न्यायचं असेल तर दिवसाला एकच सिनेमा, कडेची खुर्ची, आणि आधी डॉक्टरांना विचारून. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली असतात, तेव्हा गर्दी नको.

गोष्ट बांधताना कीर्तनकाराकडून घ्यायचं ते

फोंड्याकडच्या देवळांत कीर्तन ऐकत वाढलेल्यांना बांधणी वेगळी शिकवायला नको. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. ध्रुवाचं आख्यान लावलं तर बुवा ध्रुवाचा जन्मापासूनचा दाखला वाचत नाहीत. बापाच्या मांडीवरून त्याला उठवलं, तिथे धरतात. तुम्हीही एकच प्रसंग धरा. "माझा कॅन्सरचा प्रवास" हा प्रसंग नाही. केस गळायला लागल्यावर चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना डोक्यावरचा पदर सुटला, हा प्रसंग आहे.

आणि निरूपण पूर्ण गाळा. या गोष्टींचा नाश होतो तो तिथेच. "या आजाराने मला खूप काही शिकवलं" हे वाक्य तोंडात आलं की थांबून स्वतःला विचारा, खरंच शिकवलं का? काही आजार काहीच शिकवत नाहीत, नुसते घेऊन जातात. "आजारावर मात" असा शेवट करायची सक्ती तर मुळीच नको. औषध चालूच आहे, उद्या परत जायचंय, हाही चालणारा शेवट आहे.

बोलायला धागा सापडत नसेल तर कॅनडातल्या विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांची पद्धत बघा. आयुष्याच्या अखेरीकडे आलेल्या रुग्णांसाठी त्यांनी काही प्रश्न तयार केले, २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला? घरच्यांना तुमच्याबद्दल काय माहीत असावं? कोणतं काम केल्याचा अभिमान आहे? कोणाला काही सांगायचं राहिलंय का? बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, कागदावर उतरवायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं, त्याच्या दुरुस्त्या घ्यायच्या आणि मग तो कागद त्याला द्यायचा. २०११ मधल्या मोठ्या चाचणीत मानसिक त्रासाच्या मोजमापात इतर काळजीच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. पण ही पद्धत उपयोगी पडली असं सांगणारे रुग्ण मात्र जास्त होते. मला यातली वाचून दाखवण्याची पायरी सर्वांत मोलाची वाटते. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस "हे असं नव्हे" म्हणतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

टिपताना

घरच्या मोबाईलवर काम भागतं. चित्र थोडं खराब असलं तर कोणी तक्रार करत नाही, आवाज खराब असला तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. म्हणून सगळी काळजी आवाजाची. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत. पावसाळ्यात पत्र्याखाली टिपायला बसू नका, एक सर आली की काही ऐकू येत नाही. कॉलरचा वायरवाला माईक स्वस्तात मिळतो, तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. माईक नसेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डर चालू करून सदऱ्याच्या खिशात ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवताना ती टाळी सापडते. आधी अर्धा मिनिट टिपून हेडफोनने ऐका. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा मध्येच वाजला तर तो राहू द्या. पुण्यातल्या नातीला तोच जास्त आवडेल.

उजेडासाठी दिवे नकोत. आपल्या जुन्या घरांत माजघर काळोखी आणि पुढचं दार लख्ख असतं. दाराला पाठ करून बसवलं तर चेहरा काळा येतो. उलट करा, बोलणाऱ्याचं तोंड दाराकडे आणि तुमची पाठ. मोबाईल आडवा धरा, भिंग सुती कपड्याने पुसा, एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कर्जवाल्या बँकेचा फोन येतो. एका मिनिटाच्या चित्रणाला शंभर एमबीच्या वरही जागा लागू शकते, तेव्हा आधी मोकळी करून ठेवा.

एका बैठकीला दहा मिनिटं पुरे. आजारानुसार वेळ बदला. पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज बारीक होत जातो आणि गोळीचा अंमल असतानाच बोलणं सोपं जातं, तो वेळ घरच्यांना बरोबर माहीत असतो. पक्षाघातानंतर शब्द अडत असतील तर वाक्यं पुरी करून देऊ नका. जुने फोटो हातात द्या, बोट कुठे जातं ते टिपा. काहींना बोलता येत नाही पण आरती म्हणता येते, तीही गोष्टच. स्मृतिभ्रंश असेल तर "आठवतंय का?" हा प्रश्न वर्ज्य. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याचं दुःख चेहऱ्यावर दिसतं. अडकित्ता हातात द्या, हात स्वतःच सुपारी शोधतो. आणि ज्यांची स्वरयंत्र काढायची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी आपला आवाज साठवावा: मुलांना मारायच्या हाका, हसणं, नेहमीच्या शिव्यासुद्धा.

सगळ्यांनाच चेहरा दाखवायचा नसतो. केस गेलेत, जबड्याचं ऑपरेशन झालंय, किंवा नुसताच संकोच. त्यांच्यासाठी फोटो आणि आवाज एवढ्यावर छान काम होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत शिकवायला सुरुवात केली: दोन-तीन मिनिटं, स्वतःचा आवाज, मोजके फोटो. शहाळ्याच्या आजींनी तेच केलं. त्यांच्या फिल्ममध्ये चेहरा एकदाही नाही. दिसतो तो स्टीलचा तांब्या. दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, ते सकाळी त्यात भरून झाकण ठेवलेलं. दुपारी पातळी कुठे आहे, संध्याकाळी कुठे, आणि मागे खिडकीतून माडाचं खोड. हात येतो, फुलपात्रात दोन घोट ओततो, झाकण पुन्हा लावतो. यावर आवाज त्यांचा. अशी पाच-सहा दृश्यं, प्रत्येकी दहा सेकंद, मोबाईल न हलवता.

कापताना आणि दाखवताना

बोललेलं सगळं आधी कागदावर उतरवा आणि पेन्सिलीने खुणा करा. संपादनाचं ॲप कुठलंही चालेल, कापणं आणि जोडणं एवढंच लागतं. चार मिनिटांवर जाऊ नका. बासरी लावू नका. बासरी लागली की बघणाऱ्याला कळतं की आता रडायचंय, आणि आजारी माणूस बिचारा झालाच म्हणून समजा. थांबे, दम लागणं, "थांब हं, पाणी पिते" हे ठेवा.

परवानगी दोनदा घ्या, टिपण्याआधी आणि कापून झाल्यावर. दुसरी महत्त्वाची, कारण आपण काय बोललो ते पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नाही. नको म्हटलं तर पुसायचं, मनधरणी नाही. घटस्फोटाची, वाटण्यांची गोष्ट असेल तर ती दुसऱ्याचीही असते. त्याची ओळख पटेल असं काही ठेवू नका. वॉर्डात चित्रण करू नका, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने परवानगी दिलेली नसते.

पहिल्यांदा दाखवायचं ते ठरवलेल्या ऐकणाऱ्यालाच, शक्य तर शेजारी बसून. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई नको. तिथून फिल्म मडगावच्या मावशीकडे, तिच्याकडून दुबईला आणि तिथून अनोळखी माणसांकडे जाते, आणि सकाळी अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येऊन पडतात. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं म्हणजे खासगी झालं असंही नाही, लिंक ज्याच्या हाती त्याला दिसतं. आपल्या पश्चात ही फिल्म कोणी बघायची आणि कोणी नाही, हे त्या माणसाला आत्ताच विचारून लिहून ठेवा. विचारताना अवघड वाटतं, पण बहुतेकांनी त्याचा विचार आपल्या आधीच केलेला असतो.

प्रती दोन: एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. मोबाईलमध्येच राहिली तर मोबाईल बदलताना जाते. फाइलला नाव देताना वर्ष, सांगणाऱ्याचं नाव आणि ऐकणाऱ्याचं नाव घाला, आणि न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आज नकोसा वाटलेला तुकडा पुढच्या वर्षी घरातलं कोणीतरी शोधत येतं.